हरेशचं वजन

सकाळी सहाला फोन वाजला तेव्हा मी बुटांच्या नाड्या बांधत होतो. गेले अडीच महिने हाच नेम होता. साडेसहाला घरून निघायचं, चालत खाडीकाठच्या कोळीवाड्यात जायचं आणि हरेशला खाटेवरून उठवून पडवीत आणून बसवायचं. फोन जयवंतीवहिनींचा होता, हरेशच्या बायकोचा. "भावजी, आज घाई करू नका. सावकाश या," एवढंच त्या बोलल्या. मी बरं म्हणून फोन ठेवला... आणि मग कळलं. दुसऱ्या बुटाची नाडी तशीच लोंबत राहिली. हरेशला जाऊन आता दीड महिना झाला. त्याच्याबद्दल लिहीन लिहीन म्हणतो आणि दर वेळी आमच्या भांडणापाशी येऊन अडतो. तेव्हा भांडणासकटच सांगतो.

हरेश माझा मित्र झाला तो मी पडलो म्हणून. सात वर्षांपूर्वी, पंचावन्नाव्या वर्षी, सोसायटीच्या ओल्या जिन्यावरून घसरलो आणि मनगट मोडलं. हाड जुळलं, पण भीती बसली. जिना दिसला की कठडा धरायचा, बाथरूममध्ये भिंत धरायची, रस्त्यात बायकोचा दंड धरायचा. "अहो, लग्नातसुद्धा माझा हात एवढा घट्ट धरला नव्हतात," ती म्हणायची. माजिवड्याला एका समाजमंदिराच्या वरच्या मजल्यावर ज्युडोचा वर्ग चालतो आणि तिथे सुरुवातीला फक्त पडायला शिकवतात, असं कुणीतरी सांगितलं. मी गेलो आणि वर्ग घेणाऱ्या शेखरसरांना, म्हणजे माझ्या मुलीच्या वयाच्या माणसाला, विचारलं, "नुसतं पडण्यापुरतं शिकता येईल का? पाडापाडीत मला रस नाही." पोरं फिदीफिदी हसली. कोपऱ्यात एक सावळा, आडव्या बांध्याचा माणूस मॅट पुसत होता. कमरेचा काळा पट्टा विटून राखाडी झालेला. तो उठून आला, मला नखशिखान्त न्याहाळलं आणि म्हणाला, "पडशील रं मास्तर. माझ्यासंगं पड." मी गणिताचा मास्तर आहे हे त्याला कुणी सांगितलं देव जाणे. पहिल्याच भेटीतलं अरेतुरे मला खटकलं. कोळीवाड्यात अहोजाहोचं फारसं प्रस्थ नसतं हे पुढे समजलं; आणि मला "अरे" म्हणणारं आता दुसरं कुणी उरलेलं नाही, हे त्याहून उशिरा.

बापाची होडी होती, पण खाडीत मासा राहिला नाही म्हणून हरेश तरुणपणीच कारखान्यात लागला. तिथल्या एका साहेबाने ज्युडो दाखवला आणि हा त्यात रमला तो कायमचा. हनुवटी छातीला लावायची, पाठ गोल करायची, जमिनीवर आधी हात आपटायचा... हे त्याने माझ्याकडून शेकडो वेळा करून घेतलं आणि दर वेळी माझ्याबरोबर स्वतःही पडला. "एकट्याला पडायला लाज वाटते माणसाला," म्हणायचा. वर्गातल्या जाड पांढऱ्या कोटाला आमच्या बायकोने पहिल्याच आठवड्यात खळ घालून कडक इस्त्री केली होती. नेसूच्या साडीला करते तशीच, प्रेमाने. त्या दिवशी माझी कॉलर हरेशच्या मानेवर अशी घासली की लाल वळ उठला. संध्याकाळी तो थेट घरी आला, मान दाखवली आणि गंभीरपणे म्हणाला, "वहिनी, खळ घाला, पण नवऱ्याला. कोट मऊच बरा." त्या दिवसापासून ती त्याची बहीणच झाली.

पडायला आलो पण वर्षभरात पाडायचीही हौस लागली. आणि तिथेच माशी शिंकली. हिरव्या पट्ट्याच्या परीक्षेत मला एक डाव करून दाखवायचा होता: समोरच्याच्या पाठीमागून हात घालायचा, आपली कंबर त्याच्या पोटाखाली सरकवायची आणि वाकून त्याला पलीकडे टाकायचं. सरावात तो मला कधीच धड जमला नव्हता. परीक्षेला जोडीदार म्हणून हरेश उभा राहिला. मी कंबर घातली, ओढलं... आणि तो पिसासारखा उडून धाडकन मॅटवर पडला. टाळ्या झाल्या. पण मी बत्तीस वर्षं वर्गात पहारा केलेला माणूस. कॉपी करणारं पोर मला नुसत्या मानेवरून कळायचं. माझ्या कमरेवर काही आलंच नव्हतं. ना ओझं, ना ओढ. सगळ्यांदेखत मी विचारलं, "तू स्वतःहून पडलास ना?" तो हसला. "पडलो ना? मग झालं." माझं डोकंच फिरलं. "मला भीक नको आहे," मी म्हणालो. त्याचं हसू तिथल्या तिथे विझलं. त्याने वाकून मॅटला नमस्कार केला आणि तो जिना उतरून गेला.

चार महिने आम्ही बोललो नाही. एकाच हॉलमध्ये, दोन टोकांना. मी हिरवा पट्टा कपाटात टाकला आणि हट्टाने जुना नारिंगीच बांधत राहिलो. मोठा सत्यवादी! आज लिहिताना स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते. शेवटी तोच आला. माझी कॉलर धरली आणि म्हणाला, "चल रं, तुझ्यासारका जड कोण मिळत नाय मना." पुन्हा सुरू झालं सगळं. पण त्या प्रश्नाचं उत्तर त्याने दिलं नाही आणि मीही तो पुन्हा काढला नाही. मनात मात्र तो खिळा होताच. याने मला मित्र मानलं, की कीव केली?

मागच्या वर्षी फुफ्फुसांचा आजार निघाला. माणूस बघता बघता वाळला. मुलगा जहाजावर, वहिनींचे गुडघे कामातून गेलेले, आणि पैसे देऊन ठेवलेल्या माणसाने हात लावलेला हरेशला चालेना. म्हणून मी जाऊ लागलो. पहिल्या सकाळी त्याला उठवायला वाकलो, पाठीमागून हात घातला, कंबर जवळ नेली, आणि सवयीने त्याने माझी कॉलर धरली. मग त्याचं सगळं अंग माझ्यावर आलं. निम्मा झालेला देह, पण पुरता, राखून काही न ठेवता. माणसाचं खरं वजन कसं असतं ते मला तेव्हा कळलं, आणि परीक्षेतलं आपलं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं हेही कळलं. पण बरोबर असल्याचा आनंद काही झाला नाही. खुर्चीत बसल्यावर तो धापा टाकत होता, शरमेने माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या तोंडून निघून गेलं, "बघ, आज तू स्वतःच उठलास. मी नुसता हात लावला." मग रोजच तसं म्हणू लागलो.

महिनाभराने एका सकाळी, मी तेच म्हणालो तेव्हा, त्याने माझं मनगट धरलं. तेच, मोडलेलं.

"खोटा बोलतस तू मास्तर."

मी मनगट सोडवू पाहिलं.

"मना कलतं रं. बत्तीस वर्सं पोरांना पकडलंस, पन सोता कॉपी करता येत नाय तुला." दम खायला थांबला... "तू कशापायी बोलतस खोटा?"

"तुला बरं वाटावं म्हणून," मी म्हणालो.

"हां," तो म्हणाला. "मंग मी कशापायी पडलो व्हतो?"

तो खाडीकडे बघत बसला, आणि मी उगाचच त्याच्या पायावरची चादर सारखी करत राहिलो. सहा वर्षं ज्याला मी भीक म्हणत होतो, ती मी रोज सकाळी चालत जाऊन त्याला देत होतो, आणि तिला दुसरं काही नाव असू शकतं हे माझ्या गणिती डोक्यात शिरलंच नव्हतं. मी माफी मागायला हवी होती. मागितली नाही... दुसऱ्या दिवशी पुन्हा उठवलं आणि पुन्हा तेच म्हणालो. तो नुसता "हां, हां" म्हणाला.

तेराव्यानंतर वहिनींना भेटायला गेलो. खाट उभी करून भिंतीला लावली होती. चहा देऊन त्या समोर बसल्या आणि इकडचं तिकडचं बोलता बोलता म्हणाल्या, "तुमी गेलात ना भावजी, की हे रोज मना हाक मारायचे. बोलायचे, जयवंती, आज मी माझा मीच उठलो, मास्तराने नुसता हात लावला. पार शेवटच्या दिवसापर्यंत."

मी कप खाली ठेवला. सगळं ठाऊक असून त्याने माझं खोटं असं उचलून बायकोपुढे मिरवलं होतं. मी त्याचं चारचौघांत त्याच्या तोंडावर फेकलं होतं.

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी हळूच विचारलं, "खरंच उठायचे का हो ते?"

"हो वहिनी," मी म्हणालो. "मी नुसता हात लावायचो."