आबांनी आणून दिलेली काठी

मी हॉकी सोडून क्रिकेट का धरलं, असं लोक अजूनही विचारतात. विचारणाऱ्याला काहीतरी उदात्त ऐकायचं असतं. गुडघा गेला, मन विटलं, तरुणांना जागा करून दिली, असलं काही. खरं कारण एवढंच की आमच्या रेल्वेच्या शेडमध्ये नवा साहेब आला आणि त्याला हॉकी आवडत नव्हती.

तोवर मी हॉकीवरच जगत होतो. लोणावळ्याच्या शेडमध्ये मला फिटर म्हणून घेतलं ते हातातलं कसब बघून नव्हे. भरतीच्या दिवशी पान्याला हात लावायच्या आधी मला मैदानावर पळवून पाहिलं होतं. खेळाडूंची कामावर चैन असे. बाकीचे फिटर इंजिनाखालच्या खड्ड्यात उतरून तेलाने माखत आणि आम्ही तेलाचं डबडं हातात घेऊन जेवणाच्या सुट्टीपर्यंत इंजिनाभोवती प्रदक्षिणा घालत असू. सुट्टी झाली की मैदान. त्या प्रदक्षिणांचं पुण्य एवढं साठलं की मी हिंदुस्थानच्या संघातून बोटीने परदेशी गेलो.

माझे वडील, आबा, कुरवंड्याला भातशेती करत. मला ज्या आठवड्यात निघायचं होतं त्याच आठवड्यात आमची लावणी सुरू झाली. घरात काम करणारे हात दोन माणसांचे, त्यातला एक मी. आबा चिखलात उभे होते आणि मी बांधावर उभा होतो, नव्या बुटांना चिखल लागू नये म्हणून.

‘आबा, देशाकडनं खेळाया चाललोय,’ मी म्हणालो.

‘देशाकडं मान्सं लय हाईत. लावणीला न्हाईत,’ आबा म्हणाले आणि पुढची मूठ रोवायला वाकले.

मी गेलो. त्या वर्षी आमचं अर्धं खाचर पडीक राहिलं.

दौऱ्याचं वर्णन मी एरवी चांगलं लांबवतो, इथे थोडक्यात उरकतो. निम्मे सामने मी कोट घालून बाकावर बसून खेळलो. उरलेल्यांत मैदानावर खेळलो आणि वाईट खेळलो नाही. हे मात्र मी थट्टेवारी नेणार नाही. त्या गार मुलखात, ओल्या गवतावर डाव्या बाजूने चेंडू घेऊन मी निघालो की मला कुणाची भीती वाटायची नाही. साहेबाची नाही, आबांची नाही, उद्याची नाही. तेवढा निर्भय मी आधी कधी नव्हतो आणि नंतर तर नाहीच.

परत आल्यावर लोणावळ्यात माझा सत्कार झाला. अध्यक्षस्थानी गावातले एक वकील होते. त्यांनी माझ्या फलंदाजीची तोंड भरून स्तुती केली आणि मी मान खाली घालून ती स्वीकारली, कारण हार फार जड होता. पुढे काय होणार याची त्या वकिलांना आधीच कुणकुण लागली असावी. कुरवंड्याला लोकांनी फक्त एवढंच विचारलं की बोटीत भात मिळायचा का. आबांनी तेही विचारलं नाही.

त्या काळात मला एकच हाव होती. आबांनी एकदा मैदानाच्या कडेला उभं राहून मला खेळताना बघावं. एकदा बघितलं की त्या पडीक खाचराचा हिशेब ते मनातून पुसतील, असं मला वाटायचं. मी प्रत्येक सामन्याआधी निरोप धाडायचो आणि प्रत्येक वेळी उत्तर यायचं, ‘एवढ्या बाप्यानं काठीनं चेंडू ढकलायचा, आन् ते बगाया मी टेकाड उतरू व्हय?’

मग नवा साहेब आला. आल्या आल्या त्याने गोलाचे खांब उपटवले आणि बंगल्यातल्या वेलींना आधार म्हणून लावले. खेळपट्टीसाठी मैदानावर रोलर फिरायला लागला. आम्हा खेळाडूंना त्याने ओळीत उभं केलं आणि समजावलं की हॉकीला अकरा माणसं लागतात, क्रिकेटलाही अकराच लागतात, मग अडचण कसली? हिशेबात चूक काढायला जागा नव्हती.

नोकरी जाणार नव्हती, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. क्रिकेट नको असेल त्याने खड्ड्यात उतरून बाकीच्यांसारखं काम करावं, एवढीच अट होती. आमचा सेंटर हाफ उतरला. दिवसभर इंजिनाखाली राबून तो संध्याकाळी शेडमागच्या भिंतीवर एकटाच चेंडू हाणत बसायचा. आम्ही त्याला येडं म्हणायचो. मी त्याच आठवड्यात पांढरी विजार शिवायला टाकली.

परदेश पाहिलेली माझी हॉकीची काठी क्वार्टरमध्ये सारखी डोळ्यांसमोर यायची. म्हणून ती कुरवंड्याला नेऊन माळ्यावर टाकली. आबांना काही बोललो नाही. ज्या खेळासाठी मी त्यांची लावणी बुडवली, तो तेलाच्या डबड्यासाठी सोडला, हे कुठल्या तोंडाने सांगणार होतो?

क्रिकेट मला जमलं, असं साहेब म्हणायचा. हॉकीत तेव्हा काठी खांद्याच्या वर गेली की चूक धरत, त्यामुळे माझी बॅटही कधी खांद्याच्या वर जायची नाही. साहेबाला त्यात घरंदाज शैली दिसली. हॉकीत चेंडू पायाला लागला तरीही चूक. इतकी वर्षं पंचांच्या शिट्ट्या खाऊन माझे पाय माझ्यापेक्षा शहाणे झाले होते. चेंडू दिसला की ते आपोआप बाजूला व्हायचे, म्हणून मी पायचीत म्हणून कधी झालो नाही. फक्त क्षेत्ररक्षणात घोटाळा व्हायचा. हाताशी आलेला चेंडू मी अडवायचो, पण पायांवर आला की टुणकन उडी मारायचो आणि चेंडू खालून निघून जायचा. साहेब म्हणायचा, होईल सवय.

अशात पुण्याच्या एका संघाशी सामना ठरला. मैदानाच्या कडेला तंबू ठोकला, मडमांसाठी खुर्च्या मांडल्या. आम्ही पांढरे कपडे घालून उभे होतो, साहेब कुणाला कुठे उभं करायचं ते सांगत होता, आणि तेवढ्यात मला फाटकातून आबा येताना दिसले. धोतर वर खोचलेलं, डोक्याला मुंडासं, काखेत गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी लांबडं.

ते सरळ आमच्या घोळक्यात आले आणि त्यांनी गोणपाट सोडलं. आत माझी काठी होती. तिला तेल पाजलं होतं. मुठीची पट्टी सुटली होती, तिथे नवं फडकं आवळून बांधलं होतं.

‘शाळंतलं मास्तर म्हनलं, आज तुजी मोठी म्याच हाय,’ आबांना धाप लागली होती. ‘आन् काठी बगतो तर माळ्यावर. औत घरी ठिवून शेतावर जातं का रं कुनी?’

पोरं हसली. साहेबाने विचारलं, हे काय आहे? मी म्हणालो, काही नाही साहेब, गावाकडचा माणूस आहे. वडील आहेत, असं म्हणालो नाही. आबांना इंग्रजी कळत नव्हतं, एवढाच काय तो दिलासा.

‘आबा, आज ती लागायची न्हाई,’ मी म्हणालो. ‘तितं झाडाखाली बसा.’

ते बसले. मांडीवर आडवी काठी ठेवून, माझ्याकडे तोंड करून बसले. इतकी वर्षं ज्या माणसाला मी बोलावत होतो तो आला होता आणि मी त्याच्या नजरेआड उभा राहायला जागा शोधत होतो. साहेबाने मला नेमकं त्याच झाडासमोर उभं केलं.

शेवटी शेवटी पुण्याच्या संघाला जिंकायला दोनच धावा हव्या होत्या. चेंडू जमिनीवरून घरंगळत माझ्याकडे आला, इतका सावकाश की एखाद्या म्हातारीनेही पदराने अडवला असता. मी पाहिला, वाकायला निघालो, आणि पायांनी आपलं काम केलं. मी उडालो. चेंडू माझ्या खालून सीमेपार गेला आणि आबांच्या पायाशी जाऊन थांबला. आबांनी तो काठीच्या वाकड्या टोकाने हलकेच अडवून माझ्याकडे परत ढकलला. त्या दिवशी मैदानावर नीट अडवलेला तेवढा एकच चेंडू.

सामना हरल्यावर साहेब काय बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. सगळे तंबूकडे चहाला गेले आणि मी झाडाकडे गेलो.

‘पाय का उचललास?’ आबांनी विचारलं.

‘सवय, आबा. काठीच्या खेळात पाय लागला की चूक.’

‘मंग काठीचा खेळ कुटं गेला?’

‘साहेबानं बंद केला.’

‘साहेबानं केला. तू?’

मला लाज वाटली. खड्ड्यातलं तेल, प्रदक्षिणा, पांढरी विजार, सगळं त्यांना सांगून टाकावं असं वाटलं, पण मी हात पुढे करून एवढंच म्हणालो, ‘काठी द्या, क्वार्टरमदी ठिवतो.’

आबांनी माझ्या हाताकडे पाहिलं आणि मग बुटांकडे. त्या दिवशीही बूट स्वच्छच होते.

‘तुला लागत न्हाई ती,’ आबा म्हणाले. ‘मला चढाला लागंल.’

त्यांनी काठी उलटी केली, वाकडं टोक मुठीत धरलं, आणि ती टेकत टेकत ते कुरवंड्याच्या वाटेला लागले.