न सांगितलेला दुसरा डॉक्टर

नवऱ्याची काळजी घ्यावी तर ती नलिनी पांढरीपांडेनं, असं टाउनशिपमधल्या बायका म्हणायच्या. नवरा भालचंद्र भोपाळच्या कारखान्यात फोरमन आणि गेली नऊ वर्षं मधुमेही. त्याच्या गोळ्यांचा सगळा कारभार तिच्याकडे. बापडा तळहात पुढे करायचा आणि मिळेल ते गिळायचा.

गोळ्या कारखान्याच्या दवाखान्यातून फुकट यायच्या. कापलेली पट्टी, तिच्यावर बारीक इंग्रजीत औषधाचं मूळ नाव. आता फुकटच्या औषधाला गुण नसतो, हे टाउनशिपचं जुनंच शास्त्र! म्हणून नलिनीनं त्याला इंद्रपुरीतल्या खाजगी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी चकचकीत पट्टीतली गोळी लिहून दिली, नाव भलतंच भारदस्त. दवाखान्याचं तिनं त्यांना सांगितलंच नाही. एका डॉक्टरापुढे दुसऱ्याचं नाव काढलं की त्यांना राग येतो, अशी तिची पक्की समजूत. आणि हक्काचं मिळणारं औषध सोडायचं तरी कसं? मग दोन्ही चालू. अधिकस्य अधिकं फलम्, दुसरं काय!

साखर उतरू लागली. एकशे ऐंशीवरून एकशे दहा, मग सत्तर. नलिनीला कोण आनंद झाला! शेजारच्या मंदाकिनीला ती आकडे कौतुकानं सांगायची. इकडे भालचंद्राला जेवणाआधी दरदरून घाम फुटायचा, हात थरथरायचे. जन्मात आवाज न चढवलेला माणूस भाजीतल्या मिठावरून ताट सरकवू लागला. वय झालं, असं तिनं ठरवून टाकलं. एकदा तर कारखान्याच्या गेटवर त्याला आपला विभागच आठवेना. सोबत्यांनी गोड चहा पाजला तेव्हा कुठे तो माणसांत आला. घरी त्या चहावरून तिनं त्याला चांगलंच फैलावर घेतलं. इतकं डोळ्यांसमोर घडत होतं, पण बाईला दिसेल तर शपथ.

संकष्टी आली. दोघांचाही कडक उपास, चंद्र दिसेपर्यंत नुसतं पाणी. औषध उपासाला चालतं, म्हणून सकाळी दोन्ही गोळ्या तिनं त्याच्या हातावर ठेवल्या. अकराच्या सुमाराला त्याची जीभ जड झाली, बनियन घामानं भिजलं.

"नलिनी कुठं गेली?" तो तिच्याकडेच बघत तिलाच विचारत होता.

साखर वाढली असणार, तिला वाटलं. तिनं दवाखान्याची आणखी एक गोळी त्याच्या तोंडात घातली आणि वर घोटभर पाणी पाजलं.

तासाभरात तो हाकेला ओ देईना. शेजाऱ्यांनी गाडीत घालून इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी साखर तपासली, ती निघाली अठ्ठावीस. शिरेतून ग्लुकोज सुरू करून त्यांनी नलिनीची औषधांची पिशवी पलंगावर रिकामी केली आणि दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी धरल्या. औषध एकच आहे, त्या म्हणाल्या, फक्त कंपनीनं नाव वेगळं ठेवलंय. साखर खाली ओढणारं दुप्पट औषध, आणि पोटात अन्नाचा कण नाही. माणूस शुद्धीवर येईल का, आला तरी पूर्वीसारखा असेल का, आत्ता सांगता येत नाही.

मग त्यांनी साधंच विचारलं, "घर पर दवा कौन देता है?"

भालचंद्राचा गार हात नलिनीच्या हातात होता. हिंदीत बोलायचं तिला सुचलंच नाही.

"मीच," ती म्हणाली. "एक दिवससुद्धा खंड पडू दिला नाही."