जरा धरता का?

माझा मामा तेजव्रतींच्या पदरी शस्त्रवाढपी होता. तेजव्रती म्हणजे ग्रहाग्रहांवर न्याय करत हिंडणारे शूरवीर. हातात प्रकाशाची तलवार, अंगात पायघोळ झगा आणि डोक्यात राग म्हणून नाही. निःशस्त्रावर वार करायचा नाही, ही त्यांची शपथ. आता अंतराळात बघाल तिकडे माणसं रिकाम्या हातांची. म्हणून प्रत्येक वीरामागे मामासारखा एक जण असे. वाराआधी समोरच्याच्या हातात त्याने तलवार द्यायची, की शपथ शाबूत.

मामा कामात वाकबगार. तलवार पुढे करून नुसतं "जरा धरता का?" म्हणायचा. अदबीनं काही दिलं की माणूस ते धरतोच. मग दोन्ही हात पाठीमागे बांधून मामा मागे सरायचा. वीर डोळे मिटून मन शांत करायचा आणि पुढचं उरकायचा. तलवार पुसून पुन्हा पिशवीत. वर्षानुवर्षं तीच एक तलवार, आणि तिच्यात बॅटरी कधी घातलीच नव्हती. हे सगळं मामा हवापाण्याचं बोलावं तसं सांगायचा, आणि मला त्याचा भयंकर राग यायचा.

एका सकाळी वीर मामाला न्यायला घरी आला. लिफ्टच्या दारात त्याचा झगा अडकला आणि मामी हसली. चांगली पोट धरधरून हसली. व्रताची विटंबना झाली.

"शस्त्र द्या," वीर शांतपणे म्हणाला.

मामाने सवयीने पिशवी उघडली. "जरा धरतेस का?"

"तिथे ठेवा," मामी म्हणाली. लग्न झाल्यापासून मामाने पुढे केलेली एकही वस्तू तिने हातात घेतली नव्हती.

आता वीर सोडला तर जिन्यात सशस्त्र असा मामाच उरला. वीराने त्याच्याकडे वळून डोळे मिटले. मामाने जिन्याचा कठडा धरला. ते बघून मामीच्या हसण्याचं पाणी झालं. तिने तलवार हिसकावली. मामाने ती परत ओढली.

"सोड म्हणतो ना."

"तुम्ही सोडा आधी. धड उभं राहता येत नाही, म्हणे तलवार हवी."

वीर डोळे उघडी तेव्हा तलवार दुसऱ्याच्याच हातात. माणूस बदलला की मन नव्याने शांत करायचं, हाही नियमच. पुन्हा डोळे मिटायचे, पुन्हा उघडायचे. असं करता करता त्याला शेवटी राग आला. रागाच्या भरात वार तर सक्त मना. तो झगा तिथेच फाडून जिन्याने तरातरा निघून गेला.

मामा पायरीवर मटकन बसला. नोकरी गेली, त्याचं त्याला काही नव्हतं. म्हणाला, "इतक्या लोकांना दिली मी. एकानेही परत कशी दिली नाही गं?"

मामीच्या हातात अजून तलवार होती.

"कुणाला देणार?" ती म्हणाली. "तुमचे हात पाठीमागे."