मुदत न घातलेला संकल्प

माझ्या जिजाजींना मी आयुष्यात एकदाच मूर्ख म्हटलं, तेही त्यांच्याच देवघरासमोर. वयाने ते माझ्याहून अकरा वर्षांनी मोठे, शिवाय सख्ख्या बहिणीचे यजमान. पण गेल्या श्रावणात त्यांनी जे करून ठेवलं त्याला दुसरा शब्द मला सुचला नाही. आजही सुचत नाही.

लक्ष्मीकांत पोतनीस त्यांचं नाव. पणजोबा होळकरांच्या कचेरीत कारकून, आणि हे इंदूरच्याच सिंचाई विभागात नक्शे काढायला. चौतीस वर्षं कालव्यांच्या रेघा मारल्या आणि एकही वाकडी गेली नाही, असं ते स्वतःच सांगतात. नियम म्हणजे नियम. सकाळी पूजा झाल्याशिवाय सुदामानगरच्या त्या घरात पोहे होत नाहीत, मग पाहुणे ताटकळत का बसलेले असेनात. संध्याकाळी दिवा लागला की मोठ्याने रामनामाचा जप, आणि शेजारी माझी बहीण रमाताई वाती वळत, बरोबर नाम म्हणत बसलेली.

दोन वर्षांपूर्वी रमाताईला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही. डोकं शाबूत, सगळं कळतं, पण पाणी मागायला गेली तरी नुसता घशातून आवाज. तिसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी जिजाजी पलंगाशी बसून जप करत होते आणि ही एकदम स्वच्छ म्हणाली, ‘राम’. मग पुन्हा. त्यांच्या ठेक्यात, त्यांच्या आवाजाचं बोट धरून. तिला बोलायला शिकवायला शलाका नावाची मुलगी येते, ती मला म्हणाली, ‘असं होतं मामाजी. बोलणं गेलं तरी वर्षानुवर्षं म्हटलेलं कधी कधी उरतं. रोज म्हणवून घ्या, शायद याच रस्त्याने बाकीचे शब्द येतील.’ तेव्हापासून रोज संध्याकाळी अर्धा तास माझ्या बहिणीला आवाज होता.

पण माणूस थकतोच. झोप नाही, मदतीला धड बाई टिकत नाही. एका दुपारी रमाताईच्या हातून वरणाची वाटी सांडली आणि जिजाजी तिच्यावर असे ओरडले की शेजारचे धावत आले. ती रडली, मग हेही रडले. त्यांच्या मुलाने, अनीशने, पुण्याहून फोन करून त्यांचं नाव एका ध्यानशिबिरात घातलं. इंदूरजवळ, बेटमा गावाच्या पुढे, दहा दिवस, पूर्ण मौन, नुसता श्वास बघायचा. फॉर्मवर अट होती की शिबिरात पूजा, जप, माळ, काही करायचं नाही.

दुसरा कोणी सही करून मोकळा झाला असता. आमच्या जिजाजींनी निघायच्या सकाळी आंघोळ करून हातात पाणी आणि अक्षता घेतल्या, देवासमोर रीतसर संकल्प केला, ‘शिबिराच्या नियमाप्रमाणे नामजप सोडतो’, आणि ताम्हणात पाणी सोडलं. किती दिवस, ते म्हणायचं राहिलं.

ते दहा दिवस रमाताईपाशी मी राहिलो. संध्याकाळी मीही बसून राम राम म्हटलं. ती माझ्या तोंडाकडे बघायची, ओठ हलवायची, पण शब्द येईना. चौथ्या दिवशी तिने मान फिरवली. मी खूप घाबरलो होतो, पण अनीशला फोनवर सांगितलं की सब बढ़िया.

जिजाजी आले ते बदलूनच आले. दुसऱ्याच दिवशी रमाताईने दूध सांडलं, तर यांनी हसून पुसून घेतलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? संध्याकाळी दिवा लागला. रमाताई आशेने त्यांच्याकडे बघू लागली, आणि हे डोळे मिटून गप्प.

‘जिजाजी, जप?’

‘गडबड हो गई, श्रीकृष्णा,’ ते मला म्हणाले. ‘संकल्पात मुदत बोललोच नाही मी. देवासमोर पाणी सोडलंय. दहा दिवसांनी ते आपोआप कसं संपेल?’

तेव्हा माझ्या तोंडून तो शब्द गेला. ‘मूर्ख आहात तुम्ही. बायकोची जीभ ताम्हणात सोडून आलात!’

ते रागावले नाहीत, याचाच मला जास्त राग आला.

मग चौकशा सुरू झाल्या. शिबिराच्या आचार्यांना फोन केला. ते म्हणाले, ‘दादाजी, दस दिन पूरे हुए, अब आपकी मर्ज़ी. बस, साधना में मिलावट मत कीजिएगा.’ यावर जिजाजींनी दोन दिवस विचार केला आणि त्यांना इतकंच कळलं की मर्जीही आपली आणि मनाईही आहे. मग पूजा सांगणारे वेदांतगुरुजी आले, वय अठ्ठावीस, स्कूटरवरून. ‘काका, उद्यापन करून टाकू ना. व्रत धरलं तर उद्यापनाने सोडता येतं.’

‘उद्यापन कशाचं, श्वासाचं?’ जिजाजींनी विचारलं. ‘ते तर एकदाच होतं.’

रमाताई डाव्या ओठाने हसली. गुरुजी डोकं खाजवत, ग्रंथ बघून सांगतो म्हणाले, आणि अजून बघताहेत.

माणसाचा पार गोंधळ उडाला. पूजेत आचमन घेताना ओठाला लागलेल्या पाण्याच्या गारव्याकडेच बघत राहायचे आणि किती वेळा घेतलं ते विसरायचे. मी मोजलं, एकदा सात झाली. ध्यानाला बसले की श्वासाबरोबर आपोआप नाम यायचं, मग ते त्याला बाहेर ढकलायचे. मला म्हणाले, ‘दारात आलेल्या घरच्याच माणसाला हाकलतोय असं वाटतं रे.’

‘मग घ्या ना आत!’

‘आणि श्वास सुटला तर? मी परत तिच्यावर ओरडलो तर? त्या दुपारसारखा?’

माझ्या भुणभुणीला कंटाळून एकदा त्यांनी जप करून पाहिला. पाचसहा वेळा नाम आलं, रमाताईने लगेच धरलं, आणि हे मध्येच थांबून स्वतःचा श्वास ऐकू लागले. ती उघड्या तोंडाने तशीच राहिली. मी उठून अंगणात गेलो, नाहीतर काहीतरी फेकून मारलं असतं. पंधरा दिवसांनी शलाकाने मला बाजूला घेतलं. ‘मामाजी, होतं तेही जातंय.’

त्याच आठवड्यातली संध्याकाळ. मी दिव्यात तेल घालत होतो. जिजाजी खुर्चीत, डोळे मिटून. पलंगावरून आवाज आला, ‘अहो.’

कोणाच्या ठेक्याला धरून नाही, कोणाच्या मागून नाही. बेचाळीस वर्षं ती त्यांना जशी हाक मारत आली, तशीच. माझ्या हातातून तेल सांडलं.

जिजाजींनी डोळे उघडले. ‘काय गं?’ म्हणाले, इतक्या सहज की जणू ती स्वयंपाकघरातूनच काही विचारत होती. तिच्याजवळ पुढचा शब्द नव्हता. ओठ नुसते हलत राहिले, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्यांनी खुर्ची ओढून जवळ घेतली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, ‘राम’. तीही म्हणाली. मधूनच ते श्वासापाशी अडकायचे, की ती पुन्हा ‘अहो’ म्हणायची, आणि ते पुढे जायचे. अर्धा तास असं चाललं. मी तिथेच जमिनीवर बसून रडलो.

दुसऱ्या सकाळी पोह्यांची बशी माझ्यापुढे सरकवत त्यांनी विचारलं, ‘श्रीकृष्णा, हे श्वासामुळे झालं की नामामुळे? की मी गप्प बसलो म्हणून तिला बोलावं लागलं?’

‘क्या मालूम, जिजाजी.’

‘मलाही कळत नाही. संकल्प तर मोडला. दोष लागेल का?’

‘लागला तर?’

‘लागू दे,’ ते म्हणाले. ‘तिला ओ द्यायला माझ्याशिवाय घरात आहे कोण?’