मी सुचवलेला ठराव

शाळेच्या हळदी-कुंकवात वाण म्हणून मिळालेली प्लॅस्टिकची वाटी मी उकिरड्यावर भिरकावली, तेव्हा सासूबाई ओरडल्या, "आगं, वाण कुणी टाकतंय व्हय?" म्हटलं, मी टाकतेय. सहा महिने त्या वाटीत मी माझ्या लेकीला दही वाढलं होतं.

आमचं गाव पलूसच्या बाजूचं, ऊसपट्ट्यातलं. जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंत. शाळेच्या व्यवस्थापन समितीत निम्म्या बायका लागतात, म्हणून गुरुजींनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, मला घेतलं. माझं माहेर माण तालुक्यातलं, बारावी झालेली, नवरा फौजेत. "शिकलेली सून आहे, समितीत शोभेल," असं गुरुजी म्हणाले आणि मी लय फुगले. शोभायलाच घेतली होती, हे डोक्यात यायला मला दीड वर्ष लागलं.

समितीची बैठक म्हणून अशी कधी भरलीच नाही. संक्रांतीला शाळेच्या पटांगणात हळदी-कुंकू व्हायचं, सगळ्या आया एका जागी सापडायच्या, तेवढ्यात काम उरकायचं. आधी कुंकू, मग तिळगूळ, मग ठरावाच्या वहीत सही, आणि सही झाली की वाटी. खिचडी शिजवणारी मावशी तबक घेऊन पुढं आणि गुरुजी वही घेऊन मागं. मावशीची नात शाळेत, त्यामुळे तीही समितीत. गेल्या संक्रांतीला वहीची तीन पानं कोरी दिसली, तेव्हा मी विचारलं, "गुरुजी, ही कशाला?"

"पुढच्या बैठकांच्या सह्या आत्ताच घेऊन टाकू, वहिनी. तुम्हाला शेतातनं परत परत कुठं बोलवायचं?"

काय ती माणसाची काळजी! मी तिन्ही पानांवर सही ठोकली. खाली झोकात रेघसुद्धा ओढली. वाटी पदराखाली घेऊन घरी आले.

जूनमध्ये लेक सातवीत गेली. सकाळी भरून दिलेली पाण्याची बाटली संध्याकाळी भरलेलीच परत यायला लागली. मी आपली रोज तिच्यावर ओरडायची, "पाणी प्यायला बी तुला आमंत्रण लागतंय का गं?" मग एक दिवस ताप आला, लघवीला आग व्हायला लागली. पलूसच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पाणी का पीत नाहीस, तर पोरगी रडायलाच लागली.

"प्यायलं की जायला लागतंय, आई. आमच्या संडासाला कुलूप हाय."

गेल्या दिवाळीपासून कुलूप! मोठ्या पोरी मधल्या सुट्टीत शाळेमागच्या उसात जायच्या आणि जूनपासून रस्त्यावरनं टवाळ पोरं शिट्ट्या मारायला लागली होती. म्हणून त्यांनी पाणीच सोडलं होतं. माझ्या लेकीची पाळी नुकतीच सुरू झाली होती. म्हणाली, "त्या चार दिवसांत मी जाणार न्हाई. आणि सातवी झाली की शाळा बास." वर्गात पहिली येणारी पोर माझी. संडासापायी शाळा सोडायला निघाली होती.

गुरुजींकडे गेले. "वर कळवलंय," म्हणाले. पुन्हा गेले, पुन्हा "वर कळवलंय." महिना गेला तरी ते "वर" काही खाली येईना. शेवटी मीच पलूसला शिक्षण विभागाच्या कचेरीत अर्ज घेऊन गेले. तिथल्या साहेबांनी अर्ज वाचला, फाईल काढली आणि माझ्यापुढं सरकवली.

"आवं ताई, तक्रार नक्की कुणावर करताय? ह्यो ठराव वाचा आधी."

मुलींच्या स्वच्छतागृहाची समितीने समक्ष पाहणी केली असून दार, कडी व पाणी यांची सोय उत्तम आहे व ते नियमित वापरात आहे, असे एकमताने ठरले. सूचक म्हणून माझं नाव. अनुमोदक मावशी. आणि तळाशी माझी सही, झोकदार रेघेसकट. अंगावरनं पाल फिरल्यासारखं झालं. मी मोबाईलवर पानाचा फोटो घेतला आणि तशीच तडक शाळेत आले.

संडासाची किल्ली कुठं असावी? खिचडीच्या खोलीत, खिळ्याला, सगळ्यांच्या डोळ्यांपुढं. मावशी म्हणाली, "बाई, उघडू नगंस, मला बोल लागंल." मी उघडलं. आत मोडकी बाकं, आणि संडासाच्या भांड्याच्या कडेला रचलेली वाण वाटून उरलेल्या वाट्यांची खोकी; मावशी म्हणाली, सगळी दिवाळीपासून तिथंच होती. वर पालीच्या लेंड्या. शी! त्यातलीच एक वाटी माझ्या फडताळात होती.

गुरुजींपुढं फोटो धरला. म्हटलं, हा ठराव खोटा आहे, रद्द करा. माणूस जराही दचकला नाही. बशीतला चहा संपवून म्हणाला, "करू की. पण ठराव तुम्ही मांडलाय, वहिनी. खोटं सांगितलं असं तुम्हीच लिहून द्यावं लागेल. फौजी माणसाची बायको तुम्ही. गावात तोंड कसं दाखवाल?" वर हसला! त्या हसण्याची मला जेवढी किळस आली तेवढी त्या लेंड्यांची नव्हती आली.

घरी आल्यावर लेकीनं फोन मागितला. फोटो मोठा करून सगळा ठराव वाचला. म्हणाली, "सही तर तुझीच हाय, आई." बास, एवढंच. मला वाटलं भांडेल, आदळआपट करेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी भरलेली बाटली ओट्यावर ठेवून ती तशीच शाळेला गेली.

त्याच दुपारी मी जाऊन गुरुजींच्या टेबलावरची वही ओढली आणि लिहिलं, "मी न वाचता कोऱ्या पानावर सही केली. मी पाहणी केलेली नाही. मुलींचा संडास दिवाळीपासून बंद आहे. ठराव खोटा आहे." मावशी दारात उभी होती. पदराला हात पुसून पुढं आली आणि खाली आपलं नाव लिहिलं, एकेक अक्षर कोरत. तिला लिहिता येतं ते तेवढंच. बाकीच्या बायका म्हणाल्या, कशाला झंझट. आम्ही दोघीच पान घेऊन पलूसला गेलो.

तपासणी झाली. कुलूप निघालं, कडी लागली, नळाला पाणी आलं. गुरुजींना काय झालं म्हणाल, तर "यापुढे दक्षता घ्यावी" असा एक कागद. ते आहेत तिथंच आहेत. खोटारडी ठरले मी. पिठाच्या गिरणीत बायका मला ऐकू जाईल असं बोलतात, "हिनंच लिवलं हुतं म्हणं, मग हिनंच बोंब मारली." ऐकून घेते. खोटं थोडंच आहे ते?

लेकीची बाटली आता रिकामी येते. दिवाळीआधी ती प्रगतिपत्रक घेऊन आली. मी भाकरी थापत होते. हात पुसले, पेन उचललं, "कुठं करायची गं सही?" म्हणून हात पुढं केला.

तिनं पत्रक मागं घेतलं.

"आधी वाच," म्हणाली.