ठिपक्याच्या कानाची शेळी

तामलवाडीचे बिरदेव सर तुळजापूरला आमच्याच ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवतात. माणूस लई गोड, पण एकदा बोलायला लागला की आवरत नाही. कुठं पाहुण्यांची गाडी उशिरा आली की आयोजक हळूच सरांना माईकपुढं ढकलायचे, आणि सर मंडप धरून ठेवायचे. पंचेचाळिशी उलटल्यावर त्यांनी पीएच.डी.ला नाव घातलं, तेव्हा आम्हाला काळजी परीक्षकांची वाटली.

विषय होता शेळीपालकांच्या समजुती. घराणंच शेळ्या-मेंढ्यांमागं हिंडलेलं, त्यामुळं सरांनी पहिलं प्रकरण दिवाळीच्या सुट्टीत लिहून काढलं आणि मार्गदर्शक उमादेवी मॅडमपुढं ठेवलं. मॅडमनी लाल पेन काढला.

"सर, 'सर्वांना ठाऊकच आहे' असं पानोपानी लिहिलंय तुम्ही. हे सर्व म्हणजे कोण?"

"सर्व म्हणजे... सगळेच की, मॅडम."

"मग त्यातल्या एकाचं तरी नाव, साल आणि पान द्या."

सर विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेले. ग्रंथपाल कृष्णराज यांनी त्यांना संगणकापुढं बसवलं आणि शोधायचं ते इथं टाका म्हणाले. सरांनी एका बोटानं टाईप केलं : 'महोदय, शेळ्यांविषयी माहिती मिळावी, ही नम्र विनंती.'

"सर, हा अर्ज नाही. नुसते शब्द टाका."

"एकदम 'शेळी' म्हणायचं? बरं दिसतं का ते?"

पण टाकलं, आणि जगभरच्या शेळ्या अंगावर आल्या. परदेशातल्या गोठ्यांपासून शेळीच्या दुधाच्या साबणापर्यंत. कृष्णराजांनी मग दोन-तीन शब्द जोडून शोध कसा आवळायचा, लेख कुठून उतरवायचा, तळटीप कशी द्यायची, हे शांतपणे शिकवलं. सरांना त्याची अशी चटक लागली, की उद्या सुट्टी आहे म्हटलं तरी ते स्टाफरूममध्ये परिपत्रकाची तारीख विचारू लागले. घरीसुद्धा तेच.

"शेजारच्या चन्नम्माच्या पोरीचं लगीन जमलं म्हणं," आई हरणाबाई एकदा म्हणाल्या.

"'म्हणं' चालत नाही, आई. याचं मूळ कुठंय?"

"मूळ तिच्या परसात हाय, शेवग्याचं. जा, उपट."

एका समजुतीपाशी मात्र गाडी अडली. कानावर पांढरा ठिपका असलेली शेळी हटकून जुळी देते, ही ती समजूत. सरांचा तिच्यावर पक्का विश्वास. आधार शोधला तर एका प्रबंधात सापडलाही. सर खूष झाले, पण कृष्णराज म्हणाले, "यांनी तरी कुठून घेतलं ते बघा." प्रबंधानं एका पुस्तकाकडं बोट दाखवलं. ते पुस्तक दुसऱ्या विद्यापीठाच्या ग्रंथालयातून मागवलं, तर त्याच्या तळटिपेत येडशीकडच्या कुठल्या तरी पशुप्रदर्शनाची स्मरणिका. ती काही केल्या मिळेना. कृष्णराजांनी गावोगावच्या ग्रंथालयांना ईमेल धाडले, आणि शेवटी एका कॉलेजातून त्या पानांचा स्कॅन आला.

सरांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. "'प्रमुख पाहुणे येईपर्यंत तामलवाडीचे अभ्यासू शिक्षक श्री. बिरदेव यांनी श्रोत्यांना खिळवून ठेवले. ते म्हणाले, ठिपक्याच्या कानाची शेळी...'"

सरांनी थांबून आपलं नाव पुन्हा एकदा वाचलं.

"अभिनंदन, सर," कृष्णराज म्हणाले. "दोन ठिकाणी तुमचा आधार घेतलाय."

"हसू नका हो. पण मग मी कुणाकडनं ऐकलं हे?"

सर तडक गावी गेले. हरणाबाई शेळ्यांपुढं पाला टाकत होत्या.

"म्या न्हाय सांगितलं," त्या म्हणाल्या. "बारका असताना तूच बोंबलला व्हतास. तुझं बा ठिपकीला बाजारात न्यायला निघालं, तर तू तिच्या गळ्यात पडलास. इकू नगा, हिला जुळी व्हत्यात, म्हणून."

"आणि झाली जुळी?"

"एकच झालं. त्येबी बोकड."

सरांनी आधी प्रबंधाच्या लेखकाला प्रामाणिकपणे कळवलं, की हे विधान माझंच आहे आणि ते निराधार आहे. चार ओळींचं उत्तर आलं : 'आपण तेच बिरदेव आहात, याला कृपया संदर्भ द्यावा.'

मग ते पडेल चेहऱ्यानं मॅडमकडं गेले. हकिकत ऐकताना मॅडमना हसू आवरेना. चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "सर, हे सगळं लिहा. समजूत छापून पक्की कशी होते, याचं दुसरं उदाहरण शोधून सापडायचं नाही. आईची रीतसर मुलाखत घ्या."

"पण मॅडम, माझी अब्रू?"

"ती तळटिपेत घाला. तिथं कोण बघतंय!"

सरांनी मोबाईल आईपुढं ठेवला. "आपलं पूर्ण नाव सांगा."

"खुळा झालास का? आईचं नाव ठाव न्हाय व्हय तुला?"

"नियम आहे."

हरणाबाईंनी पदर नीट केला आणि मोबाईलकडं बघत सगळं पहिल्यापासून सांगितलं. शेवटी सरांनी विचारलं, "म्हणजे वडलांना माझं खरं वाटलं, म्हणून शेळी ठेवली?"

"खरं कशाचं! एवढी चांगली थाप मारतंय, पोरगं मास्तर व्हईल, म्हणले. अन् दावं पुन्हा खुट्याला बांधलं."

सरांनी रेकॉर्डिंग थांबवलं. आईला म्हणाले, मोबाईल तापलाय, जरा थांब. आणि उगाच अंगणात जाऊन उभे राहिले.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तीच तळटीप सभागृहात वाचून दाखवली, आणि हशा ओसरल्यावर सरांना पदवी मिळाल्याचं जाहीर केलं. सरांनी बांधलेला प्रबंध घरी नेऊन आईला 'हरणाबाई' हे छापलेलं नाव दाखवलं. हरणाबाईंनी त्यावरून बोट फिरवलं.

"अन् जुळ्याचं खोटं हाय, ह्येबी लिवलंस?"

"लिहिलं की. ठळक अक्षरात."

"वाटुळं केलंस रं! बाजारात ठिपक्याच्या शेळीला लोक चढा भाव देत व्हते. दोन आत्ताच वाढवल्यात म्या."

"आई, बाजारात प्रबंध कोण वाचतंय?"

"त्येबी खरंच," म्हणत हरणाबाईंनी सुटकेचा श्वास टाकला आणि पाल्याची पेंढी सोडायला घेतली.