त्या गाण्याआधी माइक बंद पडायचा

नोकरीतले मोठमोठे गुन्हे आता मला तपशिलासकट आठवत नाहीत, पण वेल्ह्याला एका शाहिराच्या पहिल्या स्मृतिदिनी केलेला बंदोबस्त मनातून गेलेला नाही. कायद्याच्या भाषेत ते प्रकरण अदखलपात्र होते. न्यायालयात ते गेले नाही, वर्तमानपत्रातही आले नाही. संबंधित माणसे अजून याच खोऱ्यात राहतात, म्हणून कोणाचेही नाव येथे लिहीत नाही.

हे शाहीर स्वतः गाणी रचत, स्वतःच चाल बांधत आणि स्वतःच गात. कॅसेटच्या काळापासून मोबाईलच्या काळापर्यंत भोर-वेल्ह्यात त्यांचा आवाज घरोघरी होता. ते गेले त्या दिवशी वेल्ह्याच्या बाजारातली दुकाने कोणी न सांगता बंद राहिली. त्यांच्या एका गाण्यावर लोकांचा विशेष जीव होता. एक तरुण आई झोळीतले तान्हे मूल सोडून डोंगरापलीकडे निघून जाते, अशी त्याची कथा. ‘झोळी हलतीया, आई न्हाई’ हे पालुपद आले की बायका डोळ्यांना पदर लावत. मलाही ते गाणे फार प्रिय होते. गस्तीवर असताना जीपच्या चालकाला मी अनेकदा तेच लावायला सांगत असे.

मी तेव्हा वेल्हे भागातल्या ठाण्याचा प्रभारी होतो. शाहिरांचे साथीदार त्यांच्या पत्नीला पुढे करून गावोगाव स्मरणाचे कार्यक्रम करत होते. मुख्य कार्यक्रम वेल्ह्याच्या शाळेच्या मैदानावर व्हायचा होता आणि ध्वनिक्षेपकाच्या परवान्याचा अर्ज आमच्याकडे आला होता. त्याच सुमारास वडापची, म्हणजे गावोगाव माणसे भरून नेणारी, जीप चालवणाऱ्या आमच्या खबऱ्याने फोन केला.

“सायेब, कामथडीला आन् शिवऱ्याला माइकची वायर कापली. आता हितंबी कापणार हायेत.”

“कोण?”

“जुना ढोलकीवाला. शाहिरांशी फाटल्यापास्नं येगळी पार्टी काढलीया त्यानं. दोन्हीकडं मागं हुबा व्हता. म्या डोळ्यानं बगितलाय.”

शेजारच्या ठाण्याला फोन लावला. वायर कापल्याच्या दोन्ही घटना खऱ्या होत्या, आणि दोन्ही वेळा कार्यक्रम अर्ध्यावर मोडला होता. मी ढोलकीवाल्याला चौकशीसाठी बोलावून घेतले आणि दुपारपर्यंत बाकावर बसवून ठेवले. माणूस वाट पाहून थकला की बोलतो, ही आमची जुनी समजूत आहे. ती नेहमी खरी असते असे नाही.

“दोन्ही कार्यक्रमांना तुम्ही होतात?” मी विचारले.

“व्हतो की.”

“निमंत्रण होते?”

“मला कोण बोलावतंय? पर मैदानाला दार न्हाई, सायेब.”

“मग कशाला गेलात?”

“माजी ढोलकी दुसरा कसा बडवतोय ते बगाया.”

आमचे हवालदार चिडले. “लई शाना हाईस. सायेब सभ्य हायेत म्हणून चाललंय तुजं.”

“सभ्य हायेत म्हणून तर सकाळपास्नं बिनचहाचा बसवलाय,” तो म्हणाला.

मी चहा मागवला. कपाला हात न लावता तो वेगळ्याच आवाजात बोलू लागला. “भांडान व्हतं, सायेब. पर त्यांच्याच गळ्यामागं माजं वय गेलं. ते गेल्यावर कान सुना पडल्यागत झालाय, म्हणून जातो ऐकाया. वायर कापायची असती तर म्या आदी त्या पोराची ढोलकी फोडली असती.” मग तो म्हणाला, “आन् योक सांगू? दोन्ही बारीला माइक गेला तो एकाच गाण्याला. झोळीच्या. नाव पुकारलं, आन् माइक गप.”

त्याला मी घरी पाठवले. इतका वेळ बसवून ठेवल्याबद्दल दिलगिरी व्यक्त करायला हवी होती, ती मी केली नाही.

मंडपवाल्याकडून कापलेली वायर मागवली. त्याच्याशी बोलताना दोन गोष्टी लक्षात आल्या. ज्याला कार्यक्रम उधळायचा असतो तो आधी दिवे घालवतो, कारण अंधारात गोंधळ आपोआप होतो. इथे जनरेटरची लाइन जवळूनच गेली असूनही तिला कोणी हात लावला नव्हता, फक्त माइकची बारीक वायर कापली होती. कापणाऱ्याला कोणाला इजा करायची नव्हती, त्याला एक आवाज थांबवायचा होता. दुसरी गोष्ट मंडपवाल्यांच्या रीतीची. माइकची वायर ते नेहमी बायकांच्या बैठकीच्या कडेने नेतात. पुरुष पान-तंबाखूसाठी सारखे उठबस करतात आणि वायर पायात येते, तर बायका एकदा बसल्या की हलत नाहीत.

“म्हणजे कापणारी बाई आहे,” मी हवालदारांना म्हणालो.

ते हसले. “बाई कशाला कापंल, सायेब? बायकांचंच तर गाणं हाय ते.”

“ते गाणे खऱ्या घटनेवर आहे का?”

हवालदारांचे हसणे थांबले. ते याच खोऱ्यातले. “माज्या मावशीच्या गावची गोष्ट हाय ती,” ते हळू आवाजात म्हणाले. “जुन्या मानसांना ठावं हाय, नव्यांना न्हाई. ती बाई हाय अजून. वरच्या वाडीला, माहेरात ऱ्हाती.”

चौकशीसाठी स्त्रीला ठाण्यात बोलावू नये असा नियम आहे. महिला शिपायाला बरोबर घेऊन मी साध्या कपड्यात वाडीवर गेलो. भात झोडून झाले होते आणि खळ्यात ती पेंढा रचत होती. वय माझ्याएवढेच असेल. आम्ही कोण ते सांगितल्यावर तिने कमरेचा विळा काढून शांतपणे आमच्यासमोर ठेवला.

“म्याच कापली वायर. चला, कुठं यायचं?”

इतक्या सरळ कबुलीची मला अपेक्षा नव्हती. अशा वेळी पहिला प्रश्न घटनेविषयी विचारायचा असतो: कधी, कुठे, कशाने. तो बाजूला राहिला आणि माझ्या तोंडून निघाले, “ताई, लेकराला टाकून तुम्ही का गेलात?”

महिला शिपायाने चमकून माझ्याकडे पाहिले. ती बाई मात्र रागावली नाही.

“तुमीबी गाणंच इचारताय, सायेब,” ती म्हणाली.

ते वाक्य मला त्या क्षणी लागले आणि आजही लागते. मी खळ्याच्या कडेला बसलो आणि तिला म्हणालो, तुम्हाला जे सांगायचे असेल ते सांगा.

नवऱ्याने त्या दिवशी तिचे डोके फोडले होते. पोर झोळीत झोपली होती. जखमेतून रक्त वाहत असताना तान्ह्याला घेऊन डोंगर चढवणार नाही, म्हणून ती एकटीच माहेरी निघाली, भावाला घेऊन लगेच परतायचे या हिशेबाने. भावाला घेऊन ती परतली तेव्हा दार बंद होते. सून पळून गेली असे सासरच्यांनी तोवर गावभर केले होते. “कितीक येळा गेले. पोर दावलीसुदीक न्हाई. ठाण्यातबी गेले व्हते. घरचं भांडान हाय, घरात मिटवा म्हनले.” ते ठाणे माझे नव्हते आणि तो काळही माझ्या नोकरीआधीचा होता. तरी मी मान खाली घातली, कारण गणवेश तोच होता.

“शाहीर तुमच्याशी कधी बोलले होते?”

“कदी न्हाई. सासरच्या गावात त्यांचा कार्यक्रम झाला, तितंच ऐकलं असंल कुनाकडनं. पुडच्या साली गाणं आलं.”

“इतकी वर्षे तुम्ही ते सहन केलेत. मग आताच का?”

पेंढ्याची काडी मोडत ती सांगू लागली. नवरा मरण पावल्यानंतर मुलगी तिला शोधत आली होती. मुलगी कामथडीला दिलेली, मुलाबाळांची. येऊन-जाऊन राहू लागली, आईला सणाला घरी नेऊ लागली. आईला शाहिरांची गाणी आवडतात हे कळल्यावर हौसेने कार्यक्रमांनाही नेऊ लागली. “तिला ठावं न्हाई, सायेब, गाण्यातलं लेकरू म्हंजी तीच. माज्या शेजारी बसून ती ऐकंल, आन् कुनीतरी सांगंल. येवड्या वर्सानं गावलेली लेक हाय. ती पुन्यांदा गेली तर म्या काय करू?”

वेल्ह्यालाही मुलगी तिला घेऊन येणारच होती. विळा घरी ठेवायचा, एवढी कडक समज मी तिला दिली आणि ते गाणे होणार नाही असा शब्दही दिला. तसा शब्द देण्याचा मला अधिकार नव्हता.

शाहिरांच्या पत्नीला भेटलो. ते एक गाणे वगळा, अशी विनंती केली.

“ते म्हटल्याशिवाय लोक उठू देत नाहीत. आमच्या ह्यांना तरी कुठं उठू देत होते?” त्या म्हणाल्या. मग मी कारण सांगू लागलो तर त्यांनी हात वर केला. “नका सांगू, साहेब. कळलं तर बाकीची गाणीही माझ्याच्यानं म्हणवणार नाहीत. वगळते मी.”

शेवटची एसटी चुकू नये म्हणून कार्यक्रम दुपारी उन्हातच सुरू झाला. मैदान भरले होते आणि कुंपणावरही माणसे बसली होती. मायलेकी बायकांच्या बैठकीत, आणि त्यांच्यामागे आमची महिला शिपाई. शाहिरांच्या पत्नी साध्या आवाजात गायल्या, पण लोकांनी त्यांना मनापासून साथ दिली. मग व्हायचे ते झाले. “झोळी! झोळीचं होऊ द्या!” अशी हाक आली.

“आज ते गाणं होणार नाही,” शाहिरांच्या पत्नी म्हणाल्या.

लोकांना वाटले, बाईंना हुंदका आवरत नसावा. त्यांना आधार द्यावा म्हणून पुरुषांच्या बाजूने कोणीतरी स्वतःच गाणे उचलले. दुसऱ्याने ओळ धरली आणि पाहता पाहता सगळे मैदान गाऊ लागले. ध्वनिक्षेपकाचा परवाना रद्द करणे माझ्या हाती होते, पण माइकवर कोणी गातच नव्हते. ज्यांना मी गप्प करू शकलो असतो ते व्यासपीठावर गप्पच उभे होते. गाणारे हजारो लोक प्रेमाने गात होते आणि त्या बाईची मान गुडघ्यांपर्यंत झुकली होती. मी दिलेला शब्द माझ्या डोळ्यांदेखत मोडत होता.

तेव्हा तिची मुलगी उठून उभी राहिली. आधी ती शेजारच्या म्हातारीला म्हणाली, “आवो मावशी, थांबा जरा.” मग मागे वळून मोठ्याने बोलली.

“ज्या बाईचं गाणं म्हंताय ती हितं बसलीया. माजी आई हाय ती. झोळीतली पोर म्या हाय. ती मला टाकून गेली न्हवती. डोकं फुटलं व्हतं तिचं.”

जवळच्या बायका थांबल्या. त्या थांबल्या म्हणून त्यांच्या मागच्या थांबल्या. पुरुषांच्या बाजूला काय घडले ते कळले नव्हते, त्यामुळे तिकडे पालुपद काही काळ चालू राहिले आणि एकेक आवाज गळत शेवटी तेही थांबले. आई मुलीचा पदर ओढून “बस गं, बस खाली,” एवढेच म्हणत होती.

“बसते. पर तू मान वर कर,” मुलगी म्हणाली.

मागच्या गर्दीतून जुना ढोलकीवाला वाट काढत व्यासपीठावर गेला. त्याने तिथल्या पोराकडून ढोलकी मागून घेतली आणि भातलावणीच्या गाण्याचा ठेका धरला. शाहिरांच्या पत्नींनी डोळे पुसले आणि त्या गाऊ लागल्या. शेजारच्या म्हातारीने त्या बाईच्या पाठीवर हात ठेवला होता, तो गाणे संपेपर्यंत काढला नाही.

कार्यक्रमानंतर मी मुलीला विचारले, “तुम्हाला कधी कळले?”

“लगीन झालं तवाच. सासूबाईंनी सांगितलं. डोकं फुटल्याचंबी.”

“मग आईला मुद्दाम अशा कार्यक्रमांना का नेत होता?”

“मुद्दाम न्हाई, सायेब. ते गाणं आज ना उद्या तिच्या कानावर येनारच. यील तवा ती एकली नसावी.”

आयोजकांनी आपली तक्रार नसल्याचे लिहून दिले. ठाणे डायरीत कार्यक्रम शांततेत पार पडल्याची नोंद झाली.

शाहिरांना मी दोष देत नाही. त्यांचा हेतू वाईट नव्हता आणि त्यांच्या गाण्याने कितीतरी माणसांना हलके केले. पण त्यांनी एकाच बाजूचा जबाब घेतला होता आणि तो इतका सुंदर लिहिला गेला की दुसरी बाजू ऐकण्याची गरज कोणालाच वाटली नाही. मी तर जबाब घेण्याचाच पगार घेत होतो, तरीही त्या खळ्यात आधीच पटलेली गोष्ट मनात धरून गेलो. त्यानंतरच्या उरलेल्या नोकरीत समोरच्या माणसाला पहिला प्रश्न विचारण्याआधी मी थोडा थांबत असे. हा प्रश्न माझा आहे की मला कोणी शिकवला आहे, हे पाहत असे. पुष्कळदा तो शिकवलेलाच निघे.

त्या संध्याकाळी एसटीत चढण्याआधी ती बाई माझ्यापाशी आली होती. दिलेला शब्द पाळता आला नाही, मला क्षमा करा, असे मी म्हणालो. ढोलकीवाल्याच्या वेळी राहिले होते, या वेळी मात्र ते तोंडाने बोललो. तिने मान हलवली.

“गाणं वंगाळ न्हाई वो, सायेब,” ती म्हणाली. “चाल लई ग्वाड हाय. भात लावताना म्याबी म्हनते. निस्ती चाल. शबुद सोडून.”